पहिल्या आठवड्यांतील आरसा

स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेनंतर पट्ट्या सुटतात आणि आरशात जे दिसते ते अपेक्षेच्या इतके विपरीत असते, की शस्त्रक्रिया फसल्याचा फैसला कित्येक स्त्रिया मनातल्या मनात तेव्हाच करून मोकळ्या होतात. स्तन छातीवर अवाजवी उंच चढलेले, वरच्या अंगाला फुगीर व खालच्या अंगाला सपाट, त्वचा ताणाने चकाकणारी, आणि त्यातही डावे-उजवे परस्परांशी न जुळणारे! १९६२ साली ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉनची पहिली रोपणे बसविली, त्यानंतर साधने पुष्कळ सुधारली; शरीराची चाल मात्र तीच राहिली. रोपण छातीच्या मोठ्या स्नायूखाली असेल, तर दुखावलेला स्नायू आखडून त्यास वर रेटीत राहतो. तो सैल पडेल, सूज उतरेल, खालची त्वचा ताणली जाऊन जागा देईल, तसतसे रोपण खाली बसते, आणि या कारभारास सहा आठवड्यांपासून तीन महिने, क्वचित सहा महिनेही लागतात. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरतील असा करारनामा कोणत्याही शरीराने लिहून दिलेला नाही. मुळातही त्या तंतोतंत सारख्या क्वचितच असतात, हे शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे काढून पाहिली म्हणजे ध्यानी येते. मात्र एकच बाजू काही तासांत टणक फुगली, वेदना वाढत गेली, लाली पसरली किंवा ताप चढला, तर वाट पाहण्याची मुभा नाही: आत रक्त साकळले असेल वा जंतुसंसर्ग झाला असेल, सबब अपरात्र असली तरी शल्यविशारदांस तत्काळ कळवावे.