वहीत उरलेला ब्रुकलिनचा संघ

१९५२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील टॉप्स या च्युइंगगम बनविणाऱ्या कंपनीने बेसबॉलपटूंच्या ४०७ रंगीत चित्रकार्डांची मालिका बाजारात आणली. त्या मालिकेतील पहिल्या क्रमांकाचे कार्ड अँडी पाफ्को या खेळाडूचे. पाफ्को हा चांगला खेळाडू होता, परंतु बेसबॉलच्या इतिहासातील पहिल्या पंक्तीत त्याचे नाव कोणी घेत नाही. तरीही त्याचे निर्दोष अवस्थेतील कार्ड अनेक नामांकित खेळाडूंच्या कार्डांहून महाग विकले जाते. याचे कारण साधे आहे. त्या काळची मुले आपली कार्डे क्रमांकाने लावीत, गठ्ठ्याला रबर बँड घालीत आणि तो गठ्ठा खिशात, दप्तरात, खाटेखाली कोठेही टाकीत. सर्वांत वरचे कार्ड पाफ्कोचे असे. रबराचा काच त्याला, घामट हाताचा डाग त्याला आणि दुमडलेला कोपराही त्यालाच. खालची चारशे कार्डे सुखरूप राहिली, ती जणू त्याच्या पाठीआड.

पाफ्को त्या वर्षी ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडे होता. त्यामुळे डॉजर्सची कार्डे जमविणाऱ्या माणसाची यादी पहिल्याच ओळीपाशी अडते.

चित्रकार्डे जमविण्याचे प्रकार अनेक आहेत. कोणी एका वर्षाची संपूर्ण मालिका जमवितो, कोणी एकाच खेळाडूच्या मागे असतो, कोणी केवळ दुर्मीळ आणि किमती तेवढेच घेतो. आपल्याकडे काडेपेट्यांवरील छाप किंवा बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी लहानपणी जमविली असतील, त्यांना ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही. परंतु संघ जमविणाऱ्याची रीत सर्वांहून वेगळी. त्याला संघातील प्रत्येक जण हवा असतो. शंभर धावा करणारा आणि वर्षभर बाकावर बसून राहिलेला, दोघेही. त्याच्या वहीत दोघांना सारखाच कप्पा मिळतो. बाजारात मात्र दोघांचा भाव सारखा नसतो, आणि या छंदातील सारे सुखदुःख त्या एका तफावतीतून उगवते.

ब्रुकलिनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तो संघ त्या गावात आता नाही.

१८९८पर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते. न्यूयॉर्कमध्ये विलीन झाल्यावर त्याची स्वतःची म्हणून जी थोडी ओळख उरली, तीत हा संघ होता. ट्रामगाड्यांना चुकवीत रस्ता ओलांडणारे ते ‘डॉजर्स’, असे त्या नावाचे मूळ. १९१३मध्ये उघडलेले एबेट्स फील्ड हे त्यांचे लहानसे मैदान. १९४७मध्ये याच संघाने जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून, कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख स्पर्धांची दारे बंद ठेवणारी अनेक दशकांची रीत मोडली. अजिंक्यपदाने मात्र त्यांना सतत हुलकावणी दिली. १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३ या पाचही वर्षी ते अंतिम मालिकेत पोहोचले आणि पाचही वेळा शेजारच्या यांकीज संघाकडून हरले. ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे वाक्य ब्रुकलिनमध्ये म्हणीसारखे रुळले होते. अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी तरुण गोलंदाज जॉनी पॉड्रेसने यांकीजना एकही धाव करू दिली नाही आणि सातवा सामना २-० असा जिंकून ब्रुकलिनने आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. तेच त्याचे शेवटचेही ठरले. दोन वर्षांनी, २४ सप्टेंबर १९५७ रोजी, एबेट्स फील्डवरचा अखेरचा सामना झाला. प्रेक्षक अवघे ६,७०२. पुढील हंगामापासून संघ देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला गेला.

संघ गेला, मैदान गेले, कार्डे राहिली. आणि तीही तेथल्याच एका पेढीने छापलेली.

टॉप्सची कथा व्यापारी घराण्यातील वाचकांना ओळखीची वाटेल. मॉरिस शोरिन यांचा पानतंबाखूच्या वितरणाचा व्यवसाय होता. तिसाव्या दशकातील मंदीत तो खालावला. तेव्हा त्यांच्या चार मुलांनी वितरणाची जुनी साखळी तीच ठेवून माल बदलला आणि १९३८मध्ये च्युइंगगमचा कारखाना काढला. योगायोग असा की खेळाडूंची चित्रे मुळात तंबाखूबरोबरच बाजारात आली होती. सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून पुठ्ठा घालीत, त्यावर चित्र छापले की गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट मागे. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या अशाच एका मालिकेतील होनस वॅग्नरचे कार्ड त्याने परवानगी न दिल्यामुळे छपाईतून काढून घेतले गेले. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, असे पुष्कळजण मानतात. मोबदल्याचा वाद होता असे म्हणणारेही आहेत. जी थोडी कार्डे बाहेर पडली होती, त्यांतील एक २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले.

शोरिन बंधूंच्या पदरी साय बर्गर नावाचा कल्पक तरुण होता. १९५२च्या मालिकेचा नमुना त्याने आपल्या सहकाऱ्यासह ब्रुकलिनमधील राहत्या घरी स्वयंपाकघरातील टेबलावर तयार केला. पुढे रंगीत चित्र, संघाचे बोधचिन्ह, खेळाडूची छापील सही. मागे त्याची मापे आणि मागील हंगामातील आकडे. पाच सेंटच्या पाकिटात गमच्या तुकड्याबरोबर ही कार्डे मिळत. माल भराभर खपला, आणि त्या उत्साहात कंपनीने ३११ ते ४०७ क्रमांकांचा एक शेवटचा हप्ता छापला. तो दुकानांपर्यंत पोहोचला तेव्हा बेसबॉलचा हंगाम सरत आला होता. मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळले होते, दुकानदारांनी माल उचलला नाही आणि पेट्या गोदामात पडून राहिल्या.

पडून राहिलेल्या मालाचे काय करावे, हा प्रश्न जगात सर्वत्र सारखाच. बर्गरने जत्रांमध्ये फिरणाऱ्या विक्रेत्यांना ती कार्डे एका सेंटला एक, पुढे एका सेंटला दहा या दराने देऊ केली. तरी कोणी घेईना. अखेर १९६०मध्ये जागा मोकळी करण्यासाठी त्या पेट्या कचऱ्याच्या पडावावर चढवून अटलांटिक महासागरात सोडून दिल्या, अशी हकीकत बर्गर यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितली. त्या हप्त्यातील पहिले कार्ड, क्रमांक ३११, यांकीजच्या मिकी मँटलचे होते. ऑगस्ट २०२२मध्ये त्याच्या एका उत्कृष्ट प्रतीला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. जे एका सेंटला दहा देऊनही गेले नाही, त्याची ही किंमत. त्याच १९६०च्या फेब्रुवारीत एबेट्स फील्ड पाडण्यास आरंभ झाला होता. भिंतींवर आदळणारा लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगविला होता. ही कल्पना ज्याला सुचली, त्याला ब्रुकलिनचे दुःख कळले नव्हते असे म्हणावे लागते.

संघ जमविणाऱ्याच्या दृष्टीने त्या शेवटच्या हप्त्याचे महत्त्व मँटलमुळे नाही. क्रमांक ३१२ जॅकी रॉबिन्सन. ३१४ यष्टिरक्षकासारखी जागा सांभाळणारा रॉय कॅम्पानेला. ३२१ जो ब्लॅक. ३३३ कर्णधार पी वी रीस. डॉजर्सचा कणा नेमका त्या न खपलेल्या पेट्यांत होता. गिल हॉजेस आणि ड्यूक स्नायडर यांची कार्डे ३६ व ३७ क्रमांकांची, म्हणजे आधीच्या हप्त्यांतील. ती तुलनेने सुलभ. रॉबिन्सन आणि कॅम्पानेला यांच्या मधला ३१३ हा क्रमांक मात्र बॉबी थॉमसनचा. आदल्या वर्षी, ३ ऑक्टोबर १९५१ रोजी, निर्णायक सामन्याच्या अखेरच्या डावात थॉमसनने मारलेला चेंडू सीमेची भिंत ओलांडून गेला आणि हातात आलेला विजय डॉजर्सच्या हातून निसटला. भिंतीपाशी मान वर करून तो चेंडू पाहत उभा राहिलेला क्षेत्ररक्षक अँडी पाफ्कोच होता. छापखान्याने क्रमांक लावले तेव्हा कोणी एवढा विचार केला नसेल. ब्रुकलिनच्या वहीत ३१२नंतर ३१४ येतो.

विजयाच्या वर्षाचा, म्हणजे १९५५चा संघ जमविणे त्याहून गुंतागुंतीचे, कारण तो संघ दोन कंपन्यांत वाटला गेला होता. टॉप्स आणि तिची प्रतिस्पर्धी बोमन या दोघी खेळाडूंशी आपापले करार करीत. एकाच खेळाडूच्या चित्रावरून १९५३मध्ये त्यांचा वाद संघीय अपील न्यायालयापर्यंत गेला. स्वतःच्या छायाचित्राच्या व्यापारी उपयोगावर माणसाचा स्वतंत्र हक्क असतो, या तत्त्वाला नाव मिळाले ते त्या निकालात. आज जाहिरातीत झळकणारा प्रत्येक खेळाडू ज्या हक्कावर पैसे घेतो, त्याचे एक मूळ पाच सेंटच्या गममध्ये आहे. परिणाम असा की १९५५मध्ये रॉबिन्सन, स्नायडर, पॉड्रेस टॉप्सच्या आडव्या कार्डांवर आहेत, तर कॅम्पानेला, रीस आणि डॉन न्यूकंब बोमनच्या दूरचित्रवाणी संचासारख्या तपकिरी चौकटीत. १९५६च्या आरंभी टॉप्सने बोमन विकत घेतली. म्हणून विजेत्या संघाच्या वहीत दोन आकारांची, दोन तऱ्हांची कार्डे शेजारी बसतात. स्नायडरचा क्रमांक २१०, म्हणजे मालिकेतील शेवटचा. गठ्ठ्याच्या तळाशी राहून त्याचीही पाफ्कोसारखीच गत झाली.

याच वर्षीच्या मालिकेत सँडी कोफॅक्स या एकोणीस वर्षांच्या नवख्या गोलंदाजाचे पहिले कार्ड आहे. पुढे तो बेसबॉलच्या थोर गोलंदाजांत गणला गेला. त्यामुळे ज्याला ब्रुकलिनशी काही देणेघेणे नाही असा ग्राहकही त्या कार्डासाठी बोली लावतो. संघ जमविणाऱ्याला पंचवीस कार्डे किरकोळ भावात मिळतात आणि दोन-तीन कार्डांवर वर्षभराची शिल्लक मोडावी लागते. म्हणून जाणते लोक तेथे तडजोड करतात. कोफॅक्सची कड झिजलेली, रॉबिन्सनला मधोमध घडी पडलेली चालते. १९९१पासून कार्डांची प्रत तपासून तिला एक ते दहा गुण देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. चित्र मध्यावर आहे काय, कोपरे धारदार आहेत काय, चकाकी टिकली आहे काय, यावर भाव दसपट बदलतो. कडा कातरून कार्ड ताजे भासविण्याचे उद्योगही त्यामुळेच बोकाळले. घडी पडलेल्या कार्डाबाबत एवढे तरी समाधान की ते कोणी कातरण्याच्या भानगडीत पडत नाही.

जुन्या कार्डांना भाव येतो हे एकदा कळल्यावर जे व्हायचे ते झाले. १९८१पासून टॉप्सची मक्तेदारी मोडली, नवे उत्पादक उतरले, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमाप छपाई सुरू झाली. मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून पालकांनी न उघडलेल्या पेट्या माळ्यावर रचून ठेवल्या. १९५२ची कार्डे मौल्यवान ठरली होती कारण ती फेकली गेली होती. ही सर्वांनीच जपली. त्यांतील पुष्कळ पेट्या आज मूळ किमतीलाही जड जातात. मागणीचा अंदाज चुकला असे नव्हे, पुरवठ्याकडे कोणी पाहिलेच नाही.

खरा प्रसंग येतो तो संग्राहकाच्या पश्चात. चाळीस वर्षे जमविलेली वही मुलांपुढे येते. विक्रेता ती चाळतो आणि रॉबिन्सन, कोफॅक्स, कॅम्पानेला अशी चार-पाच कार्डे बाजूला काढून त्यांचा भाव सांगतो. उरलेल्यांचे एकत्रित जुजबी पैसे. हिशेबात त्याची काही चूक नसते. तिघा भावंडांत वाटणी करायची तर तोच मार्ग सोपा. परंतु ती कार्डे काढताच मागे रिकामे कप्पे असलेली पुठ्ठ्यांची वही राहते. संघ राहत नाही. संपूर्ण वही एकत्र विकत घेणारा ग्राहक मिळण्यास वेळ लागतो आणि सुटी विकून येतील तितके पैसे तो बहुधा देत नाही. काही घरांत म्हणून वही न फोडता एकाच्या स्वाधीन केली जाते आणि दुसऱ्यांना त्याचा मोबदला अन्य मार्गाने दिला जातो. असा निर्णय नेहमी निमूटपणे होतो असे नाही.

अशा वह्यांच्या शेवटच्या पानावर पुष्कळदा एक कार्ड आढळते, जे नियमाने तेथे असू नये. जानेवारी १९५८मध्ये, संघ लॉस एंजेलिसला जाण्याच्या तयारीत असताना, मोटार अपघातात रॉय कॅम्पानेलाच्या मानेला जबर इजा झाली आणि तो पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहिला नाही. नव्या शहरासाठी तो एकही सामना खेळला नाही. ७ मे १९५९च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या सन्मानार्थ सामना झाला. ९३,१०३ लोक आले. पी वी रीसने त्याची चाकांची खुर्ची ढकलीत मैदानाच्या मध्यापर्यंत नेली, दिवे मालविले गेले आणि प्रेक्षकांनी काड्या पेटवून हात उंच केले. त्या वर्षीच्या टॉप्स मालिकेत ५५० क्रमांकाचे कार्ड कॅम्पानेलाचे आहे, खुर्चीत बसलेल्या. साल १९५९, ब्रुकलिनचा संघ संपून दोन हंगाम झालेले. काटेकोर यादीत ते बसत नाही. ब्रुकलिनचे संग्राहक ते घेतात आणि १९५७च्या पानामागे लावतात.