कोल्टवाले आणि स्मिथवाले

मुलगी अमेरिकेत हार्टफर्डला असते. कनेक्टिकट राज्याची ही राजधानी म्हणजे विमा कंपन्यांचं गाव. त्या कंपन्यांच्या संगणकांची देखभाल करायला आपल्याकडची मुलं-मुली तिथे गेली आणि तिथलीच झाली. आता आम्ही निवृत्त आईबाप दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात तिकडे जातो, नातवंडांना खेळवतो, डिशवॉशर भरायला शिकतो आणि सकाळी फिरायला बाहेर पडतो. माझ्या फिरण्याच्या वाटेवर कोपऱ्यात एक जुनं उपाहारगृह आहे. आपल्या गावाकडच्या हॉटेलात सकाळी सातला ठरावीक मंडळी ठरावीक बाकावर बसलेली असतात ना, तसंच तिथेही आहे. खिडकीजवळच्या टेबलावर चार-पाच म्हातारे बसतात. पहिल्या आठवड्यात माना हलल्या, दुसऱ्या आठवड्यात खुर्ची सरकवली गेली. तिसऱ्या आठवड्यात मला कळलं, की ही मंडळी रोज ज्या विषयावर हमरीतुमरीवर येतात तो विषय राजकारण नाही, बेसबॉलही नाही. विषय आहे रिव्हॉल्व्हर. सगळ्यात चांगलं कुठलं?

मी घाबरलो, हे कबूल करतो. आपल्या डोळ्यांपुढे रिव्हॉल्व्हर म्हटलं की एक तर अर्नाळकरांचा झुंजार येतो, नाहीतर लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारा कुणी पुढारी. इथे तर मधुमेहाच्या गोळ्या खिशात घेऊन आलेली, बिनसाखरेची कॉफी पिणारी माणसं होती. आवडती गाणी सांगावीत तशी ती आवडती हत्यारं सांगत होती.

वादाचं मूळ भूगोलात आहे. हार्टफर्ड कनेक्टिकट नदीच्या काठावर आहे. त्याच नदीच्या काठाने उत्तरेला चाळीसेक किलोमीटर गेलं की मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड लागतं. हार्टफर्डमध्ये सॅम्युअल कोल्टचा कारखाना, स्प्रिंगफील्डमध्ये होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांचा. म्हणजे पुणे ते तळेगावइतक्या अंतरात जगभर गाजलेली दोन घराणी. तेव्हा ‘तुम्ही कोल्टवाले की स्मिथवाले?’ हा प्रश्न तिथे जवळपास ‘तुम्ही कुठल्या गावचे?’ असाच आहे.

कोल्टच्या जुन्या कारखान्यावरचा निळा, सोनेरी चांदण्यांचा कांद्याच्या आकाराचा घुमट महामार्गावरून आजही दिसतो. घुमटाच्या टोकावर मागच्या पायांवर उभं राहिलेलं शिंगरू आहे, कारण कोल्ट म्हणजे शिंगरू. (आपल्या मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत पिस्तुलाला ‘घोडा’ म्हणतात. या दोहोंचा काही संबंध नाही, पण मला मौज वाटली.) या कोल्टचं आपल्याशी एक नातंही आहे. १८३० मध्ये, सोळा वर्षांचा असताना, तो ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याला निघाला होता. सुकाणूचं चक्र फिरतं आणि हव्या त्या जागी अडकतं, हे पाहून त्याला फिरत्या चक्राच्या बंदुकीची कल्पना सुचली आणि जहाजावरच त्याने लाकडाचा नमुना कोरला, अशी कथा सांगतात. कुणी सुकाणू म्हणतं, कुणी नांगर ओढायचा रहाट. १८३६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. १८४२ पर्यंत त्याचा न्यू जर्सीतला पहिला कारखाना बुडाला. आमच्या भाषेत ‘थकीत खातं’. मग मेक्सिकोचं युद्ध आलं, सरकारने एक हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी नोंदवली, आणि खातं पुन्हा सुरळीत झालं. १८४७ चं ते मॉडेल जवळजवळ दोन किलो वजनाचं होतं.

स्मिथ आणि वेसन यांची गोष्ट मला बँकवाला म्हणून जास्त आवडली. चक्राला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरायचं, हे पेटंट त्यांचं नव्हतंच. ते रॉलिन व्हाइट नावाच्या गृहस्थाचं, १८५५ चं. त्यांनी ते विकत न घेता प्रत्येक नगामागे पंचवीस सेंट द्यायचं कबूल केलं आणि करारात एक कलम घातलं: पेटंटची कुणी नक्कल केली तर कोर्टकचेरीचा खर्च व्हाइटने करायचा. झालं! व्हाइटची मिळकत वकिलांच्या घरी गेली आणि स्मिथ-वेसन निर्धास्तपणे माल विकत राहिले. पुढे पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून तो अमेरिकन संसदेपर्यंत गेला. संसदेने ऐकलं, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँटने नकार दिला. कर्जाच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचून सही करा, असं मी तीस वर्षं लोकांना सांगत होतो. हे उदाहरण तेव्हा ठाऊक असतं तर उपयोगी पडलं असतं.

तर खिडकीजवळचं टेबल. तिथल्या स्मिथवाल्याचं म्हणणं असं, की शंभर वर्षं अमेरिकेच्या पोलिसांच्या कमरेला जे होतं, तेच श्रेष्ठ. १८९९ मध्ये आलेलं अडतीस बोअरचं साधं रिव्हॉल्व्हर, ज्याला पुढे ‘मॉडेल टेन’ म्हणू लागले, ते साठ लाखांहून अधिक बनलं. त्यात डौल नाही, पण चाप ओढला की काम होतं. (क्लिंट ईस्टवुडने १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’त जे मिरवलं तेही स्मिथचंच. पण चव्वेचाळीस मॅग्नमचं ते धूड या मंडळींना फारसं पसंत नाही; सिनेमा पाहून आलेल्या गिऱ्हाइकाचं ते, असं त्यांचं मत.) कोल्टवाला यावर हसतो. त्याचं दैवत ‘पायथन’. १९५५ मध्ये निघालं, २००५ मध्ये बंद झालं, २०२० मध्ये नव्या रूपात पुन्हा आलं. जुन्या पायथनचा घोडा मागे ओढला की चक्र जागच्या जागी असं पक्कं बसतं, ‘की जशी बँकेची तिजोरी!’ हे शब्द त्याचे. मी बँकेतला आहे हे तेव्हा त्याला माहीत नव्हतं. स्मिथवाला लगेच म्हणतो, ‘हो, पण चार-पाच हजार गोळ्यांनंतर तुझी तिजोरी खिळखिळी होते आणि दुरुस्त करणारा माणूस शोधायला पंचक्रोशी पालथी घालावी लागते.’ मग कोल्टचं चक्र घड्याळाच्या दिशेने फिरतं आणि स्मिथचं उलट, यात योग्य कुठलं, यावर अर्धा तास. तिसरा एकजण रुगरवाला. १९४९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी म्हणजे या घराण्यांपुढे कालचं पोर. ओतीव कामाचं, जाडजूड, दिसायला ओबडधोबड. ‘माझ्यावरून ट्रक गेला तरी चालेल,’ असं त्याचं हत्यार म्हणतं, असं तो म्हणतो.

हे सगळे ज्या वस्तूवरून भांडतात तिचा जमाना सरला आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. १९८० च्या दशकापासून तिकडच्या पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून जास्त गोळ्यांची पिस्तुलं घेतली. कोल्ट कंपनी २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या कंपनीच्या मालकीची झाली. स्मिथ अँड वेसनचं मुख्यालय २०२३ मध्ये टेनेसीला गेलं. काही काम तेवढं स्प्रिंगफील्डला राहिलं.

मुलीला मी त्या टेबलावर बसतो हे आवडत नव्हतं. ‘बाबा, तुम्हाला गंमत वाटते. माझ्या मुलाला शाळेत दिवे घालवून, दार लावून, कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करायला लावतात,’ ती म्हणाली. न्यूटाउन गाव याच राज्यातलं. २०१२ च्या डिसेंबरात तिथल्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. ते हत्यार रायफल होतं, रिव्हॉल्व्हर नव्हतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. चार दिवस त्या वाटेने गेलोच नाही. पाचव्या दिवशी गेलो. का गेलो, तर त्या टेबलावर एक पाचवा माणूस होता, जो वादात कधी बोलत नसे.

तो कोल्टच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर होता. पायथनला जी खोल निळी झाक असे, ती रंगाची नसे. आधी पोलाद किती घासलंय यावर ती अवलंबून. एकानंतर एक बारीक होत जाणाऱ्या चाकांवर नळी धरायची. कडा गोल होता कामा नये, अक्षरं पुसट होता कामा नयेत. त्याने हात दाखवले. अंगठे बाहेरच्या बाजूला वळलेले. १९८६ च्या जानेवारीत तिथे संप झाला आणि तो चार वर्षं चालला. चार वर्षं! आमच्या बँकेतल्या संपात दोन दिवसांचा पगार कापला गेला तरी घरात चर्चा होई. या माणसाने त्या काळात लोकांच्या घरांची छपरं दुरुस्त केली. शेवटी कामगार, राज्य सरकार आणि गुंतवणूकदार यांनी मिळून कंपनी विकत घेतली आणि ही मंडळी परत कामावर गेली. त्याचं आवडतं कुठलं, असं मी विचारलं. ‘मी एकही घेतलं नाही,’ तो म्हणाला. ‘परवडत नव्हतं.’

मग त्यांनी मला विचारलं.

आता मी कादंबरीकार. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक खुनी रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून गोळी झाडतो आणि रिकामं काडतूस टपकन फरशीवर पडतं. पुस्तक आल्यावर साताऱ्याहून एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलं. रिव्हॉल्व्हरचं रिकामं काडतूस चक्रातच राहतं, आणि चक्र व नळी यांच्यामधल्या फटीतून आवाज येतोच, म्हणून सायलेन्सरचा उपयोग नाही; सबब, खून झाला नाही. या पत्राची गोष्ट सांगितली तर सगळं टेबल हसलं. पण मी म्हटलं, एक रिव्हॉल्व्हर मी सांभाळलंय. वेब्ली.

१९९४ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. रोकड जीपने जिल्ह्याला न्यायची असे, त्यासाठी शाखेला एक जुनं वेब्ली होतं. बर्मिंगहॅमचं, मुठीखाली दोरी बांधायची कडी असलेलं. ते अडकित्त्यासारखं मधोमध उघडतं आणि सगळी काडतुसं एकदम वर उचलली जातात. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बत्तीस बोअरचं जे रिव्हॉल्व्हर बनतं, ते याच घडणीचं. २०१४ मध्ये त्याच कारखान्याने महिलांसाठी ‘निर्भीक’ काढलं, अर्धा किलोचं, किंमत लाखाच्या वर. परदेशी हत्यार मागवायला आपल्याकडे १९८० च्या दशकात बंदी आली, त्यामुळे जुन्या वेब्लीला परवानाधारक वाटेल ती किंमत मोजतात, हेही मी सांगितलं. टेबल खूश झालं. स्मिथवाल्याने ‘अडकित्ता’ म्हणजे काय ते विचारून घेतलं. सुपारी म्हणजे काय हे सांगण्यात आणखी दहा मिनिटं गेली.

एवढ्यात रुगरवाला, जो मूळचा न्यू हॅम्पशायरचा, सहज म्हणाला, की त्यांच्याकडे २००९ मध्ये एकाच दुकानातून आठवड्याभरात तिघांनी बंदुका घेतल्या आणि घेतल्यापासून काही तासांतच स्वतःला संपवलं. तेव्हापासून तिथले दुकानदार आणि डॉक्टर मिळून पत्रकं वाटतात, उदास गिऱ्हाइकाला कसं ओळखावं, नाही कसं म्हणावं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. टेबलावर कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. पण वेब्लीची जी अर्धी गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती ती इथे सांगतो. मुलीलाही ती आता वाचूनच कळेल.

त्या वर्षी माझ्या शाखेतल्या एका कर्जाची चौकशी लागली. कागदावर सही माझी होती. पैसे कुणी खाल्ले हे नंतर निघालं आणि माझं नाव साफ झालं. पण त्याला अकरा महिने लागले. वरच्या कचेरीतून फोन येणं बंद झालं होतं. बायको आणि चार वर्षांची मुलगी पुण्याला. रात्री झोप नाही. नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हर माझ्या ताब्यात असे आणि काडतुसं रोकडीच्या तिजोरीत, जिला दोन किल्ल्या: एक माझी, एक हेडकॅशियरची. एका संध्याकाळी बंद करायच्या वेळी मी त्यांना म्हटलं, ‘तुमची किल्ली द्या, काडतुसं मोजायची आहेत.’

हेडकॅशियर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘साहेब, मोजणी महिनाअखेरीला असते. आज चौदा तारीख.’

‘द्या तरी.’

‘किल्ली घरी राहिली, साहेब.’

किल्ली त्यांच्या कमरेला लोंबत होती. मला दिसत होती आणि मला दिसतेय हे त्यांना दिसत होतं. मग ते म्हणाले, ‘घरी पिठलं केलंय. चला.’ मी गेलो. त्यानंतर पंधरा-वीस दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जेवलो. त्या संध्याकाळचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. ते गेले तेव्हा मी कोल्हापूरला होतो, तार उशिरा मिळाली.

परतीच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला टेबलावर गेलो. कोल्ट आणि स्मिथ यांचं चाललंच होतं. पॉलिशवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं ते वेब्ली कसं होतं, गंजलेलं? मी म्हटलं, नाही, चकचकीत होतं. दर शनिवारी तेल लागायचं.

‘कुणी लावायचं? तुम्ही?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘हेडकॅशियर.’

त्याने मान हलवली आणि कॉफीचे पैसे मला देऊ दिले नाहीत.