झाडांवरून उतरणारा वारा

लंडनच्या नैऋत्येला सर्बिटनपाशी थेम्स नदी इतकी अरुंद आहे, की छोटी शिडाची होडी एका काठावरून निघाली तर मिनिटभरात दुसऱ्या काठाशी पोचते. एकीकडे घरांची रांग, दुसरीकडे हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या उद्यानाचा झाडांनी भरलेला काठ. खाली टेडिंग्टनला बांध असल्याने भरतीचं पाणी सहसा इथवर चढत नाही. शिडांच्या शर्यतीसाठी ही जागा कोणी मुद्दाम निवडेल असं वाटत नाही. तरीही इथला थेम्स सेलिंग क्लब १८७० सालचा आहे आणि तिथे आजही शर्यती होतात.

या शर्यतींत जिंकतं कोण, हे वाऱ्याची गंमत कळल्याशिवाय कळत नाही.

मोकळ्या समुद्रावर वारा बराच वेळ एका दिशेने वाहतो. नदीवर तो झाडं आणि छपरं ओलांडून खाली उतरतो. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी राहतो, हा शेताच्या बांधावर झाडं लावणाऱ्यांचाही अनुभव. म्हणजे पंधरा मीटर उंच झाडांच्या आडोशात अख्खी नदी बुडून जावी! पण वारा काही सरळ चादरीसारखा वाहत नाही, त्यात भोवरे असतात. वरच्या थरातला वेगवान वारा मधूनच खाली येऊन पाण्यावर आपटतो आणि चहूकडे पसरतो. पाण्यावर काळपट, सुरकुतलेला डाग सरकत येताना दिसतो, तो हाच झोत. त्याच्या एका कडेला वारा उजवीकडून लागतो, दुसऱ्या कडेला डावीकडून. डोळ्यांना वारा दिसतो म्हणतात तो असा.

आता होडीकडे येऊ. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन राखून ती तिरकी चढते, मग वळून दुसऱ्या अंगाने तिरकी चढते. शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं आणि होडीच्या पोटातून पाण्यात उतरवलेली उभी फळी तिला आडवं घसरू देत नाही. या दोन ओढींच्या भांडणातून होडी पुढे सरकते. मला हे आजही अचंब्याचं वाटतं: ज्या वाऱ्याने मागे ढकलायचं, त्याच्याच बळावर त्याच्याकडे जायचं.

आणि इथेच दिशा बदलणाऱ्या वाऱ्याचा हिशेब सुरू होतो. समजा दोन होड्या अगदी बरोबरीने वर, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाकडे, चढताहेत, पण त्यांच्यात ४० मीटरचं आडवं अंतर आहे. वारा फक्त १० अंशांनी उजवीकडे सरकला. त्या क्षणी उजवीकडच्या होडीला सुमारे १० मीटरची आघाडी मिळते. साधी डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी, ४ मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे ही आघाडी अडीच होड्यांची. कोणाचाही वेग वाढलेला नाही, कोणी जोर लावलेला नाही. फक्त ‘वर’ म्हणजे कुठे, याची व्याख्या बदलली. नदीवर तर २०-३० अंशांचे हेलकावे नित्याचे.

म्हणून मुरलेला खलाशी वारा समोरून आडवा येऊ लागला की लगेच वळतो आणि वाऱ्याने वाट मोकळी केली की तीच वाट धरून राहतो. ऐकायला सोपं आहे. पण प्रवाहाविरुद्ध जायचं असेल तर काठालगत राहावं लागतं, कारण तिथे पाणी संथ असतं आणि नेमका तिथेच झाडांचा आडोसा दाट. मध्यभागी वारा चांगला, तर प्रवाहही जोरात. प्रत्येक वेळी यांतलं एक सोडावं लागतं. त्यात काठ जवळ आला की शेजारच्या होडीला ओरडून वळायला जागा मागायची आणि तिने ती द्यायची, असा नियमच आहे. वारा उजव्या अंगावर घेऊन येणारी होडी ‘स्टारबोर्ड!’ अशी हाक देते, तेव्हा डाव्या अंगावर वारा घेतलेलीने बाजूला व्हायचं. अरुंद पात्रात या हाका सतत उठत राहतात.

वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र धावतात तेव्हा ब्रिटनमध्ये ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’ वापरतात. प्रत्येक जातीला एक आकडा, संथ जातीला मोठा. लागलेल्या वेळेला १००० ने गुणून त्या आकड्याने भागायचं. त्यामुळे सगळ्यात शेवटी आलेली संथ होडीही कागदावर पहिली ठरू शकते.

थेम्सवाल्यांनी झाडांच्या आडोशावर शोधलेलं उत्तर मात्र मला सर्वांत आवडतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे ‘ए रेटर’ नावाच्या होड्या घडल्या: लांबी सुमारे २७ फूट, डोलकाठी मात्र आज चाळीस फुटांहून उंच. शिडाचा शेंडा आडोशाच्या वर, मोकळ्या वाऱ्यात पोचावा म्हणून. खालचं पाणी आरशासारखं निपचित असतानाही ही होडी सरकत राहते. यातल्या काही लाकडी होड्या शंभरी ओलांडून अजूनही शर्यतीत उतरतात. ताशी किती मैल, यापेक्षा कुठे कधी वळलो याला मोल देणारा हा खेळ मला मोकळ्या समुद्रावरच्या शर्यतींहून अवघड आणि म्हणून सरस वाटतो.

लंडनला जाणं झालं तर शर्यतीच्या दिवशी हॅम्प्टन कोर्टहून किंग्स्टनकडे जाणाऱ्या नदीकाठच्या पायवाटेने चाला. ती सर्वांना खुली आहे. होडीकडे न बघता आधी तिच्या पुढच्या पाण्यावरचे काळे डाग बघा आणि तिने आता वळावं की नाही, ते स्वतः ठरवून बघा.