सुवासाचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

सुवास ही श्रीमंतांची मिरास आहे असे कुणास वाटत असेल तर त्याने आमच्या पंढरपुरातल्या कोणत्याही वस्तीतून दिवेलागणीच्या वेळी एक फेरी मारावी. पत्र्याची खोली असो की माडीचे घर, देवापुढे उदबत्ती लागलेली असतेच. महिन्याच्या अखेरीला तेल-साखर उधार आणणारी माणसेदेखील उदबत्तीचा पुडा रोखीने आणतात. पण गंमत अशी की, वांगी घेताना एकेक वांगे उलटून पाहणारे आणि साडीसाठी चार दुकाने पालथी घालणारे आपण, उदबत्ती घेताना पुड्यावरचे चित्र पाहतो, नाकाला लावतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. जी वस्तू रोज घरात जाळायची आणि जिचा धूर घरातल्या तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत सर्वांनी श्वासाबरोबर आत घ्यायचा, तिच्याबाबत ही बेफिकिरी बरी नव्हे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

धाडस म्हणण्याचे कारण, मी काही रसायनशास्त्राची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढले नव्हते. परंतु उदबत्तीचा धडा मला शाळेच्या धड्यांबरोबरच घरी मिळाला. माझी आई उदबत्त्या वळायची. काळा लगदा, बांबूच्या काड्यांचा भारा आणि बसका पाट एवढेच त्या कारखान्याचे भांडवल. मजुरी हजारावर मिळे. काड्यांचे गठ्ठे मोजता मोजताच मला शंभराच्या पुढचे आकडे पाठ झाले. पुढे यंत्रे आली, व्हिएतनाममधून कोऱ्या बत्त्यांचा माल येऊ लागला आणि हाताने वळणाऱ्या बायकांचे काम आटले. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने या आयातीवर निर्बंध घातले खरे, पण यंत्राबरोबर हाताने शर्यत लावता येत नाही. आईने पाट भिंतीला उभा करून ठेवला, तो ठेवलाच.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही आहे. आमच्या आजीला दमा आहे. घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली आणि तिला एकच खिडकी. आजी विठोबापुढे उदबत्ती लावल्याशिवाय तोंडात घास घालीत नाही, आणि उदबत्ती लावली की अर्ध्या तासाने खोकू लागते. तिला "लावू नकोस" म्हणणे आमच्या घरात कुणाला शक्य नव्हते. तेव्हा कोणती लावावी, किती लावावी आणि कुठे लावावी, एवढाच प्रश्न उरला.

उदबत्तीत असते काय?

बाजारातल्या उदबत्त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार बुडवलेल्या बत्तीचा. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट म्हणजे झाडाच्या सालीची चिकट पूड, ही पाण्यात मळून बांबूच्या काडीवर लावतात. या कोऱ्या बत्तीला वास नसतो. वाळल्यावर ती सुगंधी द्रावणात बुडवतात. अत्तर महाग, म्हणून ते बिनवासाच्या पातळ तेलकट द्रव्यात मिसळतात. डाय-इथाइल थॅलेट हे त्यांपैकी बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे द्रव्य. म्हणजे पुड्यावर गुलाब असला तरी आत जळतो तो मुख्यतः कोळसा, भुसा आणि हे तेल.

दुसरा प्रकार मसाला बत्तीचा. तिच्यात सुवास लगद्यातच मिसळलेला असतो. चंदनाचा भुसा, वाळा, नागरमोथा, गवला कचोरा, ऊद, गुग्गुळ असे पदार्थ दळून, कधी मध घालून, ती वळतात. नागचंपा म्हणून जी प्रसिद्ध बत्ती आहे तिच्यात परंपरेने हळमड्डी नावाचा झाडाचा डिंक असतो. तो हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून ती बत्ती बोटाला किंचित मऊ लागते. मसाला बत्ती बहुधा तपकिरी किंवा मातकट रंगाची असते आणि बुडवलेली काळी असते. पण केवळ रंगावर विसंबू नये, कारण रंग देताही येतो.

काडी नसलेली धूपकांडी हा तिसरा जवळचा नातलग. बांबू जाळू नये असे मानणारे लोक ती घेतात. मात्र ती जाड असते, त्यामुळे तिचा धूरही दाट असतो. लहान खोलीत ती लावताना हे ध्यानात ठेवावे.

धुराची गोष्ट

वासाच्या मोहात आपण विसरतो की धूर तो धूरच. चंदनाचा असो वा भुशाचा, त्यात फुफ्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो. जळणाऱ्या पदार्थाच्या एका ग्रॅममागे किती कण निघतात याची मापे शास्त्रज्ञांनी घेतली आहेत. सिगारेटचे साधारण १० मिलिग्रॅम, तर उदबत्तीचे सरासरी ४५ मिलिग्रॅमहून अधिक! सिंगापूरमधील ६१,३२० चिनी स्त्री-पुरुषांच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे घरात धूपबत्ती जाळणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील काही कर्करोगांचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ देवापुढची एक काडी म्हणजे विष, असा कुणी करू नये. ती पाहणी दीर्घकाळच्या, रोजच्या वापराची होती. परंतु "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे दुकानदाराचे वाक्यही खरे मानू नये. नैसर्गिक लाकूड चुलीत जळते तेव्हा आईचे डोळे काही कमी चुरचुरत नाहीत.

डास पळवणाऱ्या उदबत्त्यांची गोष्ट वेगळीच आहे. त्या उदबत्त्या नव्हेत, कीटकनाशके आहेत. कीटकनाशक विकायचे तर १९६८ च्या कायद्यानुसार त्याची नोंदणी लागते आणि नोंदणीचा क्रमांक पुड्यावर असावा लागतो. ज्या पुड्यावर तो नाही तो कितीही स्वस्त असला तरी घरात आणू नये, आणि देवापुढे तर नाहीच नाही.

पुडा कसा पाहावा?

आईने शिकवलेल्या आणि मी वाचून पडताळलेल्या काही खुणा येथे देते.

पुडा बंद असताना वास घ्यावा, पण त्यावर निकाल देऊ नये. जो वास पुड्यातूनच डोक्यात जातो तो जळताना बहुधा टिकत नाही. शक्य असेल तर दुकानदाराला एक काडी लावून दाखवायला सांगावे. पंढरपुरातले जुने दुकानदार हसतमुखाने दाखवतात.

एक काडी वर्तमानपत्राच्या कागदावर रात्रभर ठेवावी. कागदावर रुंद तेलकट डाग पडला तर द्रावण सढळ वापरले आहे असे समजावे.

काडी जळताना पाहावी. चांगली बत्ती एकसारखी जळते, मध्ये विझत नाही, ठिणग्या टाकत नाही. धूर पातळ असावा, डोळे चुरचुरू नयेत.

किमतीशी नावाचा मेळ घालून पाहावा. चंदनाचे अस्सल तेल किलोला लाखाच्या वर जाते. तेव्हा दहा रुपयांच्या पुड्यात चंदन असते ते चित्रात, एवढे ओळखायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

आणि पुड्यावरचा मजकूर वाचावा. उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन किंवा नग, कमाल किंमत, तयार केल्याचा महिना हे पाहावे. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे उदबत्तीसाठी स्वतंत्र मानक, आयएस १९४१२, जाहीर झाले. काही कीटकनाशके आणि काही कृत्रिम सुगंधी रसायने उदबत्तीत वापरू नयेत, असे त्यात सांगितले आहे. या मानकाची खूण असलेला पुडा मिळाला तर तो आधी निवडावा.

तीन खिसे, तीन हिशेब

आता मुख्य प्रश्न पैशाचा. मी आमच्या बाजारातून तीन प्रकार आणले आणि घड्याळ लावून बसले. किमती गावोगाव बदलतील, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

पहिला, दहा रुपयांचा पुडा. काड्या १२. एक काडी २५ मिनिटे जळली. म्हणजे सुवासाचा तास दोन रुपयांना पडला. सकाळ-संध्याकाळ एकेक काडी लावली तर महिन्याला ६० काड्या, पाच पुडे, पन्नास रुपये.

दुसरा, साठ रुपयांची मसाला बत्ती. काड्या याही १२ च. एक काडी पाऊण तास जळली. तास पडला सुमारे पावणेसात रुपयांना. रोज दोन काड्या म्हटले तर महिन्याला तीनशे रुपये, म्हणजे आमच्या घराला न परवडणारी गोष्ट. पण येथेच खरी युक्ती आहे. मसाला बत्तीचा वास विझल्यावरही रेंगाळतो. म्हणून आम्ही दिवसातून एकदा, अर्धीच काडी लावतो. पाण्यात न बुडवता टोक वाळूत टेकले की ती विझते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते. महिन्याला १५ काड्या, पंच्याहत्तर रुपये. पन्नासाचे पंच्याहत्तर झाले, परंतु महिन्याचा धूर पंचवीस तासांवरून सव्वाअकरा तासांवर आला. आजीच्या औषधाच्या खर्चापुढे हे पंचवीस रुपये काहीच नाहीत.

तिसरा प्रकार सुगंधी मेणबत्ती. दिवाळीच्या सुमारास भेटवस्तूंच्या दुकानांत काचेच्या पेल्यातल्या मेणबत्त्या दिसतात. १०० ग्रॅमची एक मेणबत्ती तीनशे रुपयांना मिळाली आणि साधारण वीस तास पुरली. तास पंधरा रुपयांना पडला. हौसेला मोल नसते, पण घ्यायचीच तर नीट पाहून घ्यावी. साधे मेण पॅराफिन, ते खनिज तेलापासून निघते. सोयाबीनचे मेण आणि मधमाश्यांचे मेण महाग असते. पुष्कळदा "सोया" लिहिलेल्या मेणबत्तीतही पॅराफिनची भेसळ असते, म्हणून प्रमाण लिहिले आहे का ते पाहावे. वात सुती व मधोमध असावी. दर वेळी लावण्यापूर्वी ती अर्ध्या सेंटिमीटरएवढी कापावी. लांब वात काजळी धरते. पहिल्यांदा लावली की वरचा सगळा थर वितळेपर्यंत विझवू नये, नाहीतर मध्ये खड्डा पडतो आणि कडेचे मेण वाया जाते. पंख्याखाली ठेवू नये, आणि तळाशी बोटभर मेण उरले की थांबावे, नाहीतर काच तडकते. वात नीट कापलेल्या मेणबत्तीचा धूर उदबत्तीपेक्षा पुष्कळ कमी असतो हे खरे, पण ती उघडी ज्योत आहे. पडद्याजवळ किंवा झोपताना ती ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

ज्याचा खिसा रिकामा आहे त्याने वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पाण्याच्या वाटीत चार मोगऱ्याची फुले, माठात वाळ्याची जुडी, उंबऱ्याशी तुळस, यांचा धूर होत नाही आणि दम्याच्या माणसालाही त्यांचा सहसा त्रास होत नाही. देवाला फूल चालते हे तर आजीनेच मला सांगितले.

समारोप

वाचकहो, एवढ्या लांबणीचे तात्पर्य एवढेच की, उदबत्तीची किंमत पुड्यावर छापलेली असते ती पूर्ण नसते. तिच्यात खोलीची लांबी-रुंदी, खिडक्यांची संख्या आणि आतल्या माणसांचा श्वास मिळवावा लागतो. ज्यांचे घर मोठे, त्यांचा धूर वर निघून जातो. ज्यांची एकच खोली, त्यांना तो रात्रभर पुरतो. म्हणून लहान घराने स्वस्त आणि पुष्कळ जाळण्यापेक्षा चांगले आणि थोडे जाळावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि काडी अंथरुणापासून दूर, वाळूच्या वाटीत लावावी. वसतिगृहात एका खोलीत तिघे-चौघे राहणाऱ्या मित्रमैत्रिणींना तर माझी ही आग्रहाची विनंती आहे. मोज्यांचा वास घालवायला उदबत्ती लावू नये, मोजे धुवावेत.

कॉलेजात जाऊन तू काय शिकतेस, असे आमच्या वस्तीतल्या बायका मला अधूनमधून विचारतात. शेक्सपिअर आणि राज्यघटना त्यांना कशी सांगावी हे मला अजून उमगलेले नाही. परंतु पुड्यामागचा बारीक मजकूर मी त्यांना वाचून दाखवते, आणि आता त्यांच्यापैकी दोघीतिघी पुडा घेण्याआधी माझ्याकडे आणून देतात. त्यांनी हजारांनी बत्त्या वळल्या, पण पुड्यावर काय लिहिले आहे हे त्यांना आजवर कुणी वाचून दाखवले नव्हते.