शोधनिबंधाचा बाजार आणि आपली मुले

गिरणीत, गोदीत, नगरपालिकेच्या चौकीवर हयात घालविलेल्या बापाची मुलगी आज एम. ए., एम. कॉम. होऊन पीएच. डी.ला नाव नोंदविते, ही साऱ्या वस्तीच्या अभिमानाची गोष्ट आहे. मात्र तेथून पुढची वाट घरात कोणालाच ठाऊक नसते. "शोधनिबंध छापायचा आहे, पैसे पाहिजेत," असे मुलीने म्हटले, की बाप सोसायटीतून कर्ज उचलतो, आई भिशीचे पैसे पुढे करते. पैसे कशाचे आणि कोणाला, हे विचारायचे कसे, हेच त्यांना कळत नाही. म्हणून या विषयावर चार गोष्टी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शोधपत्रिका कशासाठी?

संशोधकाने केलेले काम जगापुढे मांडण्याची जागा म्हणजे शोधपत्रिका. तेथे आलेला निबंध संपादक लगेच छापीत नाही. त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे तो पाठवितो. ते चुका काढतात, पुरावा मागतात, सुधारून आणा म्हणतात किंवा नापास करतात. आम्ही हिशेब खात्यातील माणसे. ज्याने व्हाउचर बनविले त्यानेच ते पास करायचे नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. शोधपत्रिकेतही नेमका तोच नियम आहे. परीक्षकाची ही सही खोटी निघाली, तर पुढचा सारा हिशेब खोटा.

परीक्षकाला मत पटलेच पाहिजे असेही नाही. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातील बरीच मते मान्य नव्हती. तसे त्यांनी प्रस्तावनेतच लिहिले आणि तरीही ग्रंथाचे मोल मान्य केले. खऱ्या विद्वानाची रीत ही अशी असते.

एका निबंधाने किती नुकसान होते?

"कागदावरची चूक, तिने कोणाचे काय बिघडते?" असे कोणी म्हणेल. त्याने इंग्लंडकडे पाहावे. १९९८ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत अँड्र्यू वेकफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. अवघ्या १२ मुलांच्या तपासणीवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध ऑटिझम या विकाराशी सुचविला होता. आईबाप घाबरले. लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण घसरत सुमारे ८० टक्क्यांवर आले. २००६ साली तेथे गोवराने एक मुलगा दगावला. १४ वर्षांत असे घडले नव्हते. २००८ साली गोवराचे रुग्ण हजाराच्या वर गेले.

ब्रायन डिअर या पत्रकाराने २००४ पासून हे प्रकरण खणून काढले. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि ही गोष्ट त्यांनी निबंधात सांगितली नव्हती. त्याच वर्षी १० सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतले. पण पत्रिकेने संपूर्ण निबंध मागे घेतला तो २०१० साली, म्हणजे १२ वर्षांनी. वेकफिल्ड यांचे नावही डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. लेखकाने खरे लपविले आणि संपादकाने दुरुस्तीला उशीर केला, त्याची किंमत लेकरांनी मोजली. आमच्या माताभगिनींना येथेच सांगतो, की पुढे अनेक देशांत लाखो मुलांची तपासणी झाली आणि असा कोणताही संबंध आढळला नाही. सरकारी दवाखान्यातील गोवर-रुबेलाची लस बाळाला निर्धास्तपणे द्यावी.

आपल्याकडील दुकाने

२०१३ साली 'सायन्स' पत्रिकेसाठी जॉन बोहानन यांनी एक परीक्षा घेतली. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट निबंध त्यांनी ३०४ पत्रिकांना पाठविला. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला! अशा पत्रिकांची दुकाने आपल्या देशातही पुष्कळ. हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला २०१९ साली अमेरिकेच्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम केला. परीक्षण होते असे खोटे सांगणे आणि फी आधी न सांगणे, हे आरोप तिच्यावर होते.

ही दुकाने चालली, कारण गिऱ्हाईक नियमांनीच तयार केले. प्राध्यापकाची नोकरी व बढती निबंधांच्या संख्येवर मोजली जाऊ लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची यादी केली, तिच्यातही बोगस नावे शिरली. २०१८ साली आयोगाला त्या यादीतून ४,३०५ पत्रिका काढाव्या लागल्या. नंतर आलेली 'केअर' यादीही २०२५ साली बंद झाली. आता पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व संशोधकांवरच आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पीएच. डी.साठी निबंध छापलाच पाहिजे, ही आयोगाची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम लेखी पाहिल्याशिवाय कोणी घाईने पैसे भरू नयेत.

मुलांनी काय करावे?

संध्याकाळी अभ्यासिकेत मुले आम्हांला पत्रे दाखवितात. "आदरणीय विद्वान, आपला निबंध तीन दिवसांत छापू." तीन दिवसांत रेशनकार्डावरचे नाव बदलत नाही, तेथे दोन जाणकार निबंध वाचून होतात कसे?

पत्रिकेचे जुने अंक आधी वाचावेत. संपादक मंडळातील एखाद्या प्राध्यापकाला पत्र लिहून, आपण खरोखर त्या मंडळावर आहात काय, असे विचारावे. आयएसएसएन क्रमांक दिसला म्हणून भुलू नये. तो केवळ नोंदीचा क्रमांक आहे, दर्जाची हमी नव्हे. फी घेणारी प्रत्येक पत्रिका खोटी नसते, पण खरी पत्रिका फी आधी उघड सांगते आणि परीक्षणात नापासही करते. फी न घेणाऱ्या चांगल्या पत्रिकाही आहेत. ग्रंथपालाला विचारावे, तो माहीतगार असतो.

जबाबदारी आपल्या मुलांवरही आहे. दुसऱ्याचा मजकूर उचलून आपला म्हणणे ही चोरीच. २०१८ च्या नियमांप्रमाणे ६० टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळला, तर पीएच. डी.ची नोंदणीच रद्द होते. ज्याने काम केले नाही त्याचे नाव लेखक म्हणून घालू नये, मग तो कितीही मोठा साहेब असो. आणि वस्तीतल्या बायाबापड्यांकडून माहिती घेतली असेल, तर ती कशासाठी घेतो हे त्यांना सांगावे, त्यांची नावे उघड करू नयेत.

आईबापांनीही गप्प बसू नये. पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: "हा निबंध तपासला कोणी? त्यांनी काय चूक काढली?" मुलाला उत्तर देता आले नाही, तर पैसे घरातच ठेवावेत. आपल्या मुलांच्या गुणवत्तेवर शंका घ्यायला पुष्कळजण टपलेले असतात. विकत छापलेला एक निबंध त्यांच्या हाती आयते कोलीत देतो. म्हणून एकच निबंध लिहावा, पण कोणीही तपासला तरी टिकेल असा लिहावा.