टाचण कुणी लिहिलं?

आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एका सरांनी मोबाइल पुढे केला. सहावीच्या सामान्य विज्ञानातल्या 'साधी यंत्रे' या पाठाचं टाचण होतं. अध्ययन निष्पत्ती, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, विकासात्मक प्रश्न, स्वाध्याय, सगळं आपापल्या रकान्यात बसलेलं. "दोन मिनिटं लागली," सर म्हणाले. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "मागच्या वर्षीचं बघून उतरवायलाही माझा तास जातो."

सगळे हसले, पण त्या बाईंनी नेमकं दुखणं सांगितलं होतं. टाचण उतरवणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. साहेब येणार म्हटलं की रात्री बसून वही पूर्ण करायची, तारखा मागच्या टाकायच्या. एआयनं त्यातला फक्त हात मोकळा केला. त्यामुळे 'एआय आल्यानं शिक्षकांची तयारी बुडाली' असं कुणी म्हटलं की मला गंमत वाटते. जी बुडाली ती तयारी बरीच आधीची होती. मात्र नोंदी काढून देणाऱ्या एआय साधनांबद्दल, म्हणजे नोंदसाधनांबद्दल, शिक्षकांच्या गटांत जे बोललं जातं, त्यातल्या काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. मी स्वतः त्यातल्या दोन-तीन खऱ्या मानून चालले होते.

"सगळं चॅटजीपीटीच, नावं वेगळी"

तसं नाही. साध्या चॅटबॉटला प्रश्न विचारला की तो त्याला पूर्वी शिकवलेल्या अफाट मजकुराच्या आधारावर बोलतो. नोंदसाधन आधी तुमच्याकडून कागद मागतं. गूगलचं नोटबुकएलएम हे त्यातलं सर्वांत परिचित. 2023 मध्ये ते 'प्रोजेक्ट टेलविंड' या नावानं जाहीर झालं, पुढे नाव बदललं आणि जून 2024 मध्ये भारतासह दोनशेहून अधिक देशांत खुलं झालं. त्यात पाठ्यपुस्तकाची पीडीएफ, स्वतःच्या नोंदी, एखादा लेख असं टाकायचं. फुकटच्या खात्यात एका वहीत (नोटबुकमध्ये) पन्नास स्रोत बसतात आणि एका स्रोतात पाच लाख शब्दांपर्यंत मजकूर चालतो. सहावीची सगळी पुस्तकं टाकली तरी जागा उरेल. तेव्हा 'हे महागडं प्रकरण आहे' ही समजूत इथेच संपली.

प्रश्न विचारला की साधन त्या कागदांतले प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधतं, ते भाषा-मॉडेलपुढे ठेवतं आणि मॉडेल त्यावरून उत्तर रचतं. उत्तरात जागोजागी छोटे आकडे असतात. आकड्यावर बोट ठेवलं की मूळ परिच्छेद उघडतो.

"पुस्तक दिलं की चूक होतच नाही"

मी फसले ती इथे. आणि हीच समजूत सर्वांत महाग पडते, कारण ती अर्धी खरी आहे. स्रोत दिल्यावर मनानं रचलेली उत्तरं बरीच कमी होतात, संपत मात्र नाहीत.

अशाच एका साधनात मी 'साधी यंत्रे' हा पाठ टाकला आणि तरफेच्या तिन्ही प्रकारांची स्वयंपाकघरातली उदाहरणं मागितली. पहिल्या प्रकारात टेकू मध्ये, दुसऱ्यात भार मध्ये, तिसऱ्यात बल मध्ये. उत्तर छान आलं. अडकित्ता दुसऱ्या प्रकारात टाकला होता, ते बरोबर: खिळा एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला, सुपारी मध्ये. चिमटा तिसऱ्या प्रकारात, तेही बरोबर. आणि त्याच्याच पुढे, त्याच वाक्यात, सांडशी. शेवटी आकडा 3.

आकडा होता म्हणून मी ते तसंच फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पण सांडशीचा खिळा तर मधी असतो." तिचं खरं होतं. सांडशीत टेकू मधोमध, म्हणजे ती पहिल्या प्रकारची तरफ. मधल्या सुट्टीत मी आकडा 3 उघडून पाहिला. पुस्तकातला परिच्छेद चिमट्याचा होता, सांडशीचा त्यात उल्लेखच नव्हता. चिमटा आणि सांडशी दोन्ही गरम भांडं धरतात, बोलताना एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव सहज येतं, त्यामुळे भाषेच्या हिशेबानं दोन्ही शब्द शेजारी राहतात. मॉडेलला शब्दांची ही शेजारपाजार कळते. खिळा कुठे आहे ते पाहायला त्यानं सांडशी कधी हातात धरलेली नसते.

तो आकडा म्हणजे 'मी इथे पाहिलं' एवढंच. 'इथे असंच लिहिलंय' अशी हमी त्यात नसते. तेव्हापासून माझा नेम साधा आहे: जे वाक्य फळ्यावर जाणार त्याचा आकडा उघडायचा, बाकीचे सोडून द्यायचे. सगळे उघडत बसलं तर पुस्तकच वाचून होतं. अर्थात तेही वाईट नाही.

दुसरी अडचण आवृत्तीची. आपण जे टाकू तेच साधनाला खरं वाटतं. दुसरीच्या गणितात 2019 मध्ये संख्यावाचनाची 'वीस एक' ही पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्याआधीच्या पुस्तकाची पीडीएफ कुणी गटावर टाकली आणि आपण ती साधनाला दिली, तर नव्या पद्धतीचा त्याला पत्ताच नसतो. पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून, आवृत्तीचं वर्ष पाहून घ्यावं. आलेलं फॉरवर्ड वापरू नये.

"त्याला मराठी येत नाही"

या समजुतीची उलटी बाजूही तितकीच ठामपणे सांगितली जाते: "आता काय, अस्खलित मराठी बोलतं." दोन्ही बोलणाऱ्यांनी बहुधा वेगवेगळ्या फायली टाकलेल्या असतात.

मराठी उमजण्याच्या बाबतीत ही साधनं झपाट्यानं सुधारली आहेत. नोटबुकएलएममध्ये दोन निवेदकांच्या गप्पांसारखा ध्वनिसारांश मिळतो. तो आधी फक्त इंग्रजीत होता. एप्रिल 2025 मध्ये पन्नासहून अधिक भाषांत आला, मराठीही त्यात आहे. ऐकायला मजा येते, जरा जास्तच उत्साही वाटतो. वर्गात लावायचा मोह मात्र टाळावा, त्यातले उच्चार आणि शब्द मुलांच्या पुस्तकाशी जुळतीलच असं नाही.

खरी अडचण भाषेच्या अलीकडे, टंकात आहे. आपल्याकडचे कितीतरी जुने मराठी दस्तऐवज श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व टंकांत बनलेले आहेत. डोळ्यांना 'पृथ्वी' दिसते, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. साधन पोटातलं वाचतं. मग ते एक तर 'या स्रोतात माहिती नाही' म्हणतं किंवा, जे जास्त वाईट, उरलेल्या दोन-चार ओळखीच्या शब्दांवरून अंदाजानं उत्तर देतं.

याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. ओळ वाचता आली तर साधनालाही ती येईल. रफार भलत्याच अक्षरावर बसला, वेलांटी तुटून पडली किंवा नुसती चिन्हंच आली, तर ती फाइल तशी देण्यात अर्थ नाही. काही साधनं पानाचं चित्र पाहूनही वाचतात, पण त्यावर विसंबू नये. त्यापेक्षा हव्या त्या पाठाच्या थोड्या पानांची चित्रं काढून ती गूगल ड्राइव्हमध्ये ठेवावीत आणि गूगल डॉक्समध्ये उघडावीत, चित्रातला मजकूर अक्षरांत उतरतो. मग एकदा नजर फिरवून जोडाक्षरं दुरुस्त करायची. एका पाठाला चहा गार होईल एवढा वेळ लागतो.

"आठवड्याचे सहा तास वाचतात"

हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत 2025 मध्ये गॅलप आणि वॉल्टन फॅमिली फाउंडेशन यांनी केलेल्या पाहणीत, दर आठवड्याला एआय वापरणाऱ्या शिक्षकांनी सरासरी 5.9 तास वाचतात असं सांगितलं. 'सांगितलं' हा शब्द महत्त्वाचा. तो त्यांचा स्वतःचा अंदाज आहे, आणि त्यात पाठाच्या तयारीसोबत पत्रं, तपासणी, अहवाल अशी सगळी कामं येतात.

इंग्लंडमध्ये एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशननं तुलनात्मक चाचणी केली. 68 शाळांतले 259 विज्ञान शिक्षक, शिकणारी मुलं अकरा ते तेरा वर्षांची. एका गटाला चॅटजीपीटी आणि ते कसं वापरावं याची पुस्तिका दिली, दुसऱ्या गटानं एआय वापरायचं नाही असं ठरलं. त्या इयत्तांच्या विज्ञानाच्या तयारीला एआयविना आठवड्याला सरासरी 81.5 मिनिटं लागली, एआय वापरून 56.2. म्हणजे 25 मिनिटांची बचत, 31 टक्के. कुठला पाठ कुणी कसा बनवला हे न सांगता तज्ज्ञांना नमुने दाखवले, तेव्हा दर्जात फरक आढळला नाही. चाचणी नोंदसाधनाची नव्हती आणि मराठी शाळेचीही नव्हती, हे धरूनच तिच्याकडे पाहायचं. पण 'दोन मिनिटांत टाचण' आणि 'आठवड्याला पंचवीस मिनिटं' यांतलं अंतर पाहिलं की दोन मिनिटांनंतर काय करायचं असतं ते लक्षात येतं. मजकूर वाचायचा, कापायचा, आपल्या वर्गाला बसेल असा करायचा. मला आठवड्याला पंचवीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. ती सरकारी युडायस प्रणालीत शाळेची माहिती भरण्यात जाणार हा भाग वेगळा.

"रेकॉर्ड करून ठेवा, शब्दन् शब्द लिहून मिळतो"

परिषदेतलं भाषण किंवा स्वतःचा तास रेकॉर्ड करून त्याच्या नोंदी काढणारी साधनं आता बरेच जण वापरतात. आवाज अक्षरांत आणण्याचं काम आतल्या आत एखादं वाणी-मॉडेल करतं. ओपनएआयचं 'व्हिस्पर' हे त्यातलं प्रसिद्ध, 2022 मध्ये आलेलं. ते 6 लाख 80 हजार तासांच्या ध्वनीवर शिकवलं गेलं. त्यातून इंग्रजी सोडून 96 भाषांच्या लेखनाला मिळून सुमारे 1 लाख 17 हजार तास आले. मराठीचा घास केवढा असेल याचा अंदाज करावा.

2024 मध्ये अमेरिकी संशोधकांनी व्हिस्परची तपासणी केली, तीही इंग्रजी ध्वनीवर. सुमारे एक टक्का तुकड्यांत बोलणाऱ्यानं न उच्चारलेले आख्खे वाक्यांश किंवा वाक्यं सापडली. बोलण्यात लांब विराम असले की हे जास्त घडत होतं. वर्गात विराम किती असतात ते शिक्षकाला सांगायला नको. प्रश्न विचारून आपण थांबतो, पोरं छताकडे बघतात. त्या शांततेत यंत्राला काहीतरी ऐकू येण्याची शक्यता असते.

आणि रेकॉर्डिंगमध्ये आपल्यासोबत मुलंही असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती 'मूल' आहे, आणि तिचा डेटा वापरण्याआधी सर्वसाधारणपणे पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं त्यात म्हटलं आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरलं. 'मी तर फक्त टाचणासाठी वापरते' असं म्हणताना आपण निकालाचा तक्ता, दिव्यांग मुलांची यादी, कुणाच्या घरची परिस्थिती हे सगळं नकळत वहीत टाकत असतो. तयारीला नावं लागत नाहीत. 'तीन मुलं अजून जोडाक्षरं वाचताना अडखळतात' एवढं लिहिलं तरी त्या तिघांसाठी वेगळा स्वाध्याय मिळतो.

मग नोंदसाधनात टाकायचं काय?

बालभारतीच्या पुस्तकांत 2023-24 पासून नोंदींसाठी कोरी पानं आली होती. मुलं वह्या आणतच राहिली आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. जागा दिली म्हणून नोंद होत नसते. हे मुलांइतकंच आम्हालाही लागू आहे.

पुस्तक सगळ्यांकडे तेच आहे, म्हणून नुसतं पुस्तक टाकून निघालेलं टाचणही सगळ्यांचं सारखंच निघतं. परिषदेतल्या सरांचं टाचण म्हणूनच मला ओळखीचं वाटलं होतं. फरक पडतो तो तास संपल्यावर लिहिलेल्या दोन ओळींनी. ही सवय मी सांडशीच्या प्रसंगानंतर लावून घेतली. तास सुटला की मोबाइलवर चार शब्द, शुद्धलेखनाची पर्वा न करता, आणि आठवड्यातून एकदा ते वहीत स्रोत म्हणून टाकायचे.

यंदा पुन्हा 'साधी यंत्रे'ची वेळ आली. मी विचारलं, हा पाठ कुठून सुरू करू? उत्तर आलं की सी-सॉच्या उदाहरणानं सुरुवात करू नये, मुलांच्या पाहण्यातली वस्तू आधी दाखवावी. शेवटी आकडा होता. उघडला, तर माझीच गेल्या वर्षीची ओळ: 'सीसॉ कुनीच पाहिला नाही गावात बाग नाही. सांडशी वर्गात आनने. खिळा दाखवने.'

दुसऱ्या दिवशी सांडशी पिशवीत घालून नेली. घरी दूध उतरवायला काही नव्हतं म्हणून आई दिवसभर कुरकुरत होती.