घर कोणाचेही असो, तारांची तपासणी हवीच

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी पेडणे-डिचोलीकडील गृहस्थ कौले चाळून घेतो, माडाच्या झावळ्या उतरवितो, घरात पुरुमेंत भरून ठेवतो. परंतु भिंतीतून गेलेल्या विजेच्या तारांकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. दिवा लागतो, पंखा फिरतो, तेव्हा सारे ठीक असलेच पाहिजे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत घातक आहे. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. फ्यूज आहे, मग भय कसले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. ५ अँपिअरचा फ्यूज त्याहून अधिक प्रवाह वाहू लागल्यावरच वितळतो. माणसाचे हृदय बंद पाडण्यास मात्र त्याचा अल्पसा अंशही पुरतो. माणसाला वाचवितात त्या गोष्टी दोन : उत्तम अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअर प्रवाह जमिनीकडे गळताच क्षणार्धात वीज तोडणारे आर.सी.सी.बी. हे उपकरण.

आपल्या भागात अर्थिंगकडे विशेष लक्ष हवे. जांभ्या दगडाच्या जमिनीतून पाणी लवकर निथळते. उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत होते आणि कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही. पुढे पावसाळ्यात भिंती ओलावतात, तारांवरील जुने आवरण दमट होते आणि विहिरीवरील पंपाच्या लोखंडी अंगात वीज उतरू शकते. चवथीला माटोळीभोवती दिव्यांच्या माळा लागतात, त्या याच ओलाव्याच्या दिवसांत.

भाड्याच्या घरात आणखी एक अडचण. भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे. मालक म्हणतो, वापर भाडेकरूचा. मीटरपलीकडचे तारकाम वीज खाते सांभाळीत नाही. मग ते कोणीच सांभाळीत नाही! इंग्लंडमध्ये २०२० साली नियम झाला की, खासगी घरमालकाने निदान दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी करवावी व अहवालाची प्रत भाडेकरूस द्यावी. आपल्याकडेही केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत, दोन तपासण्यांत पाच वर्षांहून अधिक अंतर नसावे, असेच सांगितले होते. तेव्हा भाडेकरार करतानाच तपासणीचा अहवाल त्यास जोडण्याची प्रथा आपण का पाडू नये? त्यात मालकाचेही हित आहे. आग लागली तर घर त्याचेच जळते.

तपासणी म्हणजे नुसते बटण दाबून पाहणे नव्हे. परवानाधारक तंत्रज्ञ मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांचे आवरण मोजतो. रोध एक मेगओहमहून कमी भरता कामा नये. तीन टाचण्यांच्या प्लगसाठी असलेले वरचे मोठे छिद्र खरोखर जमिनीशी जोडलेले आहे, की केवळ शोभेचे आहे, हेही तो पाहतो. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मात्र भर उन्हाळ्यात मोजावा, कारण खरी परीक्षा तेव्हाच होते.

गृहस्थाने स्वतः करावयाचे थोडेच आहे. आर.सी.सी.बी. असल्यास त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीज गेली नाही, तर तंत्रज्ञास बोलवावे. नळाला वा पंपाला झिणझिण्या आल्या, तर "थोडासा करंट येतो" म्हणून हसण्यावारी नेऊ नये. मुख्य स्विच तत्काळ बंद करावा. ती झिणझिणी ही पूर्वसूचना आहे. दुसऱ्यांदा सूचना मिळेलच, असे नाही.